‘स्वयम्’वर जावा शिकून क्रेडिट मिळवायचे आहेत? नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी अर्जाची माहिती

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग वर्गात नीट कळलं नाही, असं सांगणारी मुलं दर सत्रात भेटतात. त्यांना मी ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरचा ‘प्रोग्रॅमिंग इन जावा’ हा कोर्स सुचवते. आयआयटी खरगपूरचे प्रा. देबाशिस सामंता तो शिकवतात. बारा आठवड्यांच्या अशा कोर्सला साधारण ३ क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून करायला विद्यापीठ परवानगी देऊ शकतं.

ही परवानगी आपोआप मिळत नाही. म्हणून सगळ्यात आधी विभागप्रमुखांना अर्ज द्या. कोर्सचं नाव, आठवडे, क्रेडिट आणि तुमच्या अभ्यासक्रमातल्या कोणत्या विषयाऐवजी तो धरायचा, हे त्यात लिहा. सही-शिक्क्याची प्रत जपून ठेवा. तोंडी ‘हो’ निकालानंतर कामी येत नाही.

नाव नोंदवायला पात्रतेची अट नाही, फीही नाही. बीएस्सी, बीसीए, इंजिनिअरिंग, कोणीही चालतं. मात्र सी भाषेतले लूप आणि फंक्शन आधी हातात बसलेले असावेत, नाहीतर इनहेरिटन्ससारख्या पुढच्या भागापाशी गाडी अडते.

सगळ्यात जास्त मुलं पुढच्या पायरीवर चुकतात. कोर्सला नाव नोंदवणं वेगळं आणि परीक्षेचा अर्ज भरणं वेगळं. परीक्षेचा अर्ज सत्र सुरू असतानाच उघडतो आणि शेवटची तारीख निघून जाते. माझ्या एका विद्यार्थिनीने असाइनमेंट मन लावून सोडवल्या, पण हा अर्जच भरला नव्हता. सत्रभराची मेहनत क्रेडिटशिवाय गेली. परीक्षेची फी १००० रुपये आहे; अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मी, त्यासाठी प्रमाणपत्र अपलोड करावं लागतं.

अर्जाला फोटो, सही आणि ओळखपत्र लागतं. नाव भरताना थांबा. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर बहुतेकदा उलटा क्रम. अर्जात टाकाल तेच नाव प्रमाणपत्रावर छापून येतं. कॉलेजच्या नोंदीत जसं आहे तसंच लिहा आणि आधारवर स्पेलिंग वेगळं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. डिजिलॉकरवरून एबीसी आयडीही (क्रेडिट जमा होतात त्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्याचा क्रमांक) काढा, तो १२ अंकी असतो. कॉलेज निवडताना यादीत नीट बघा, सारख्या नावांची कॉलेजं असतात.

गुणांचं गणित असं: सर्वोत्तम ८ असाइनमेंटच्या सरासरीचे २५ आणि केंद्रावरच्या परीक्षेचे ७५. पास व्हायला असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत, दोन्ही वेगवेगळे. प्रोग्रॅमिंगच्या असाइनमेंटमध्ये कोड चालला, सगळे टेस्ट केस हिरवे दिसले की मुलं खिडकी बंद करतात. ‘कंपाइल अँड रन’ म्हणजे सबमिट नव्हे. सबमिटचं बटण दाबून स्क्रीनशॉट ठेवा.

परीक्षा शहर म्हणून नागपूर निवडा. जानेवारीच्या सत्राची परीक्षा एप्रिलमध्ये येते, आणि आपल्याकडचा एप्रिल सांगायला नको. सकाळचा पर्याय दिसला तर तोच घ्या. केंद्र हिंगण्याकडे आलं तर लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आहे, तिथून पुढे ऑटोचा वेळ धरून निघा. सोबत हॉल तिकिटाची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र हवं. मोबाइलमधला फोटो दाखवून आत सोडतील या भरवशावर राहू नका.

निकाल लागला की प्रमाणपत्र, परवानगीची ती प्रत आणि एबीसी आयडी घेऊन त्याच आठवड्यात विभागात जा आणि अर्जावर पोच घ्या. विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा तोंडावर असते, आणि त्या धावपळीत तुमचा कागद टेबलावर पडून राहायला वेळ लागत नाही.