परदेशात इलेक्ट्रिक गाडी: लीज म्हणजे हप्ता नव्हे

अमेरिकेला गेलेल्या पोरांचे घरी फोन येतात त्यात आजकाल हा विषय निघतोच, की इलेक्ट्रिक गाडी लीजवर घेऊ का. आणि इकडे मुलुंड-ठाण्यात बसलेल्या आईवडिलांना, मामा-मावश्यांना वाटतं लीज काय नि लोन काय, महिन्याला पैसे जाणार म्हणजे हप्ताच की. त्यात इथल्या कंपन्यांमधली कार लीज बऱ्याच जणांनी वापरलेली असते, पगारातून कापून जातात, टॅक्स थोडा वाचतो आणि मुदत संपली की उरलेली किंमत भरून गाडी बहुतेक वेळा आपल्याच नावावर करून घेतात, त्यामुळे तिकडचंही तसंच असणार असं धरून चालतात. तसं नाहीये. माझा भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो, एच-१बी म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसावर, त्याच्यासाठी मी हे सगळं बसून समजून घेतलं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोनमध्ये तुम्ही गाडीची सगळी किंमत फेडता आणि शेवटी गाडी तुमची. लीजमध्ये तुम्ही फक्त त्या मुदतीत गाडीची किंमत जेवढी घसरेल तेवढी भरता, वर व्याज, आणि शेवटी गाडी परत. ही घसरण किती होईल हे कंपनी पहिल्याच दिवशी ठरवून करारात लिहिते, त्या शेवटच्या किमतीला रेसिड्युअल म्हणतात.

आकडे घेऊन बघू, हे मी धरलेले आकडे आहेत, टॅक्स आणि फी बाजूला ठेवून. गाडी ४०,००० डॉलरची, ३६ महिन्यांनंतर ५५ टक्के म्हणजे २२,००० राहील असं कंपनी म्हणते. घसरण १८,०००, भागिले ३६, म्हणजे महिन्याला ५००. वर व्याज, ते लीजमध्ये टक्क्यात सांगतच नाहीत, मनी फॅक्टर म्हणून ०.००२ असा काहीतरी आकडा देतात, त्याला २४०० ने गुणलं की खरा दर निघतो, इथे ४.८ टक्के. मनी फॅक्टर सुरुवातीच्या ४०,००० आणि शेवटच्या २२,००० या दोन्ही किमतींच्या बेरजेवर लागतो, ६२,००० गुणिले ०.००२ म्हणजे १२४. एकूण ६२४ डॉलर. तीच गाडी त्याच दराने पाच वर्षांच्या लोनवर घेतली तर हप्ता साधारण ७५१. लोक इथेच थांबतात, ६२४ स्वस्त, चला लीज. पण तीन वर्षांनी लोनवाल्याची बाकी साधारण १७,१५० असते आणि गाडी खरंच २२,००० ला गेली तर त्याच्या हातात ४,८५० उरतात, आणि हप्त्यात त्याने लीजवाल्यापेक्षा जास्त भरले असतात साधारण ४,५७०. म्हणजे जवळजवळ बरोबरीच! फरक पडतो तो गाडी २२,००० ला जाते की नाही यावर.

आणि इलेक्ट्रिकमध्ये नेमकं हेच कोणाला सांगता येत नाही. टेस्लाने जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत नव्या गाड्यांच्या किमती काही मॉडेलवर २० टक्क्यांपर्यंत उतरवल्या, नवीन गाडी स्वस्त झाली की जुनीची किंमत त्याच दिवशी पडते. गाड्या भाड्याने देणाऱ्या हर्ट्झ कंपनीने २०२१ मध्ये एक लाख टेस्ला घ्यायचं जाहीर केलं होतं आणि जानेवारी २०२४ मध्ये २०,००० इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या, त्यात घसरलेल्या किमतीचा फटका मोठा होता. मग आपल्या उदाहरणातली गाडी तीन वर्षांनी १६,००० लाच गेली तर? लीजवाला चावी ठेवून निघून जातो, ६,००० चा खड्डा कंपनीच्या खात्यात. लोनवाल्याचे मात्र बाकी फेडतानाच खिशातून अकराशे-बाराशे जातात. लीजची खरी ताकद हीच आहे आणि मला ती पटते, ज्या गोष्टीचा अंदाज मोठ्या कंपन्यांचा चुकतो ती जोखीम परदेशात नुकत्याच गेलेल्या माणसाने डोक्यावर का घ्यावी.

पण मग सगळे सांगतात तसं "तात्पुरते आहात ना, मग लीजच घ्या" हे मात्र मला अजिबात पटत नाही. इथे लोक लीजला आपल्या लीव्ह अँड लायसन्सच्या फ्लॅटसारखं समजतात, की महिन्याची नोटीस दिली, डिपॉझिट घेतलं, निघालो. गाडीच्या लीजमध्ये अशी नोटीस नसते! मधेच सोडली तर कंपनी तिच्या हिशोबातली बाकी आणि गाडी विकून आलेले पैसे यातला फरक मागते, वर फी, आणि जितकं लवकर सोडाल तितका हा फरक मोठा. दुसऱ्याच्या नावावर करायची सोय काही कंपन्या देतात, काही देतच नाहीत. टेस्लाने २०१९ मध्ये मॉडेल ३ ची लीज सुरू केली तेव्हा शेवटी गाडी विकत घ्यायचा पर्यायसुद्धा ठेवला नव्हता. आता एच-१बी वाल्याची नोकरी गेली की त्याला नवी नोकरी शोधायला नाहीतर देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि त्यात लीजचे वीस महिने बाकी असले तर त्याने काय करायचं? लोनवाल्यालाही तोटा होईल, ते खरंय, पण तो गाडी कुठल्याही दिवशी कोणालाही विकू शकतो, तिथले डीलर बँकेची बाकी परस्पर फेडून गाडी घेतात, कमी पडलं तेवढं आपण भरायचं आणि सुटलो. म्हणजे तात्पुरतं राहणं आणि किती राहणार ते माहीत नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीने ठरवून तीन वर्षांसाठी पाठवलंय, परत येणार नक्की, तर लीज उत्तम. व्हिसाची मुदत पुढच्या वर्षी संपतेय आणि एक्स्टेन्शनचं कळलेलं नाही, तर ३६ महिन्यांच्या कागदावर सही करू नये, महिन्याचा आकडा कितीही छान दिसला तरी.

मैलांचं पण बघा. लीजमध्ये वर्षाला १०,००० किंवा १२,००० मैल अशी मर्यादा असते. १०,००० मैल म्हणजे १६,००० किलोमीटर, मुंबईत लोकलने फिरणाऱ्या माणसाला हे संपणारच नाही असं वाटतं. पण तिकडे दूध आणायला पण गाडीच, आणि उन्हाळ्यात आईबाबा येणार, त्यांना नायगारा दाखवणार, एडिसनहून एका बाजूचंच जवळपास ४०० मैल. वरच्या प्रत्येक मैलाला २५ सेंट धरले तर ३,००० मैल जास्त झाल्यावर ७५० डॉलर. लोनमध्ये असं बिल येत नाही, फक्त विकताना किंमत थोडी कमी मिळते.

अजून एक, जुने व्हिडिओ बघून ठरवू नका. २०२३ पासून लीजवरच्या इलेक्ट्रिक गाडीवर कंपनीला ७,५०० डॉलरपर्यंत टॅक्स क्रेडिट मिळायचं, बऱ्याच कंपन्या ते भाड्यात वळते करायच्या म्हणून तेव्हा लीज इतकी स्वस्त पडायची. ते ३० सप्टेंबर २०२५ ला संपलं. न्यू जर्सीची सेल्स टॅक्समधली सूटही १ जुलै २०२५ पासून गेली, आता पूर्ण ६.६२५ टक्के लागतो.

चार्जिंगचं तर दोन्हीकडे सारखंच, पण भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याने आधी तेच विचारावं. इथल्या १५ अँपच्या पॉइंटवर रात्रभरात बऱ्यापैकी चार्ज होते तसं तिकडे धरू नका, साधं सॉकेट १२० व्होल्टचं, तासाला जेमतेम ३ ते ५ मैल भरतात.

भाच्याच्या एक्स्टेन्शनचं अजून काही कळलेलं नाही, म्हणून मी त्याला तिसराच रस्ता सुचवलाय. लीज संपवून परत आलेल्या तीन वर्षं जुन्या इलेक्ट्रिक गाड्या तिथे भरपूर विकायला असतात, मोठी घसरण पहिल्या मालकाच्या वेळीच होऊन गेलेली असते, बॅटरीची वॉरंटी साधारण ८ वर्षं किंवा १,००,००० मैलांची असते त्यामुळे साधारण पाच वर्षं शिल्लक. कमी रकमेचं छोटं लोन, कधीही विकता येईल असं. त्याने दोन गाड्या बघून ठेवल्यात, डीलरकडून बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट मागितलाय आणि पार्किंगमध्ये चार्जर मिळेल का ते बिल्डिंगच्या ऑफिसकडून लेखी मागितलंय, ते आल्याशिवाय टोकन द्यायचं नाही असं आमचं ठरलंय.