शेजारच्या गिझरमुळे जळलेला फ्रिज

वाशीत किंवा नौपाड्यात एखाद्या इमारतीतले दोन-तीन टीव्ही एकदम जळाले, की जिन्यात एकच निदान होतं: वीज पडली असणार. आभाळ निरभ्र असेल, तर संशय मीटर रूमवर घ्यावा.

सोसायटीला वीज येते ती तीन फेज आणि एका न्यूट्रलवर. प्रत्येक घराला एक फेज आणि सामाईक न्यूट्रल मिळून 230 व्होल्ट मिळतात. दोन फेजमध्ये मात्र सुमारे 400 असतात. न्यूट्रलचा सांधा सैल झाला, खाडीच्या खाऱ्या हवेने गंजला आणि तुटला, तर वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांना जोडली जातात आणि ते 400 व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी समान नसते. तिसरा फेज हिशेबासाठी बाजूला ठेवू. एका घरात 2000 वॅटचा गिझर चालू आहे, दुसऱ्यात फ्रिज-टीव्ही मिळून 200 वॅट. गिझरवाल्याला जेमतेम 36 व्होल्ट मिळतात, दुसऱ्याच्या माथी 360 च्या वर. ज्याने वीज कमी वापरली, त्याचंच सामान जळतं!

टीव्ही किंवा चार्जरच्या आतला कपॅसिटर बहुधा 400 किंवा 450 व्होल्टचा असतो. घरातल्या विजेचं व्होल्टेज सतत वर-खाली होत असतं. 230 व्होल्टच्या पुरवठ्याचं शिखर 325 असतं, ते तो सोसतो. 360 चं शिखर 500 च्या पुढे जातं.

स्पाइक गार्ड इथे कामाचा नाही. त्यातली झिंक ऑक्साइडची चकती मायक्रोसेकंदांपुरता आलेला झटका गिळण्यासाठी असते. सततच्या जादा दाबाने (व्होल्टेजने) ती स्वतःच तापून जळू शकते. (शिवाय त्या नावाने विकली जाणारी कित्येक एक्स्टेंशन बोर्डं म्हणजे निव्वळ सॉकेट आणि लाल दिवा.) एमसीबी (फ्यूजच्या जागी बसणारा आपोआप पडणारा स्विच) प्रवाह वाढला की पडतो, व्होल्टेज वाढलेलं त्याला कळत नाही.

हवं ते डीबीत (घरातल्या एमसीबींच्या पेटीत) बसणारं ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. ठरवलेल्या मर्यादेबाहेर दाब गेला, की ते घराचा पुरवठा तोडतं. आभाळातल्या विजेमुळे येणाऱ्या झटक्यासाठी एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस) वेगळा लागतो, आणि अर्थिंग धड नसेल तर तोही नावापुरताच. मीटर रूममधले सांधे पावसाळ्याआधी परवानाधारक वायरमनकडून आवळून घेणं सोसायटीला सगळ्यात स्वस्त पडतं.

दिवे अचानक भगभगले, पंखा जोरात फिरू लागला, तर आधी मेन स्विच पाडा, फोन नंतर. आणि लाइट सुरळीत झाल्यावर फ्रिज लगेच लावू नका. कॉम्प्रेसरमधला गॅसचा दाब उतरायला तीनेक मिनिटं लागतात.