चौखूर धावणारा घोडा हवेत कधी असतो?

परवा एका घोडेस्वारी स्पर्धेच्या करंडकाचा फोटो पाहण्यात आला. वर पितळी घोडा, पुढचे दोन्ही पाय पुढे फेकलेले, मागचे दोन्ही मागे ताणलेले, पोट जमिनीला टेकायच्या बेतात. दिसायला मोठा झोकदार, पण सपाट मैदानावर असा घोडा कधीच धावत नाही.

ही चूक जुनी आहे आणि मोठमोठ्यांनी केलेली आहे. फ्रेंच चित्रकार जेरिकोने 1821 साली इंग्लंडमधली एप्समची डर्बी ही घोड्यांची शर्यत रंगवली, त्यातले घोडे असेच पाय फाकून तरंगतात. त्याला तरी काय बोल लावणार? सेकंदाला दोन-अडीच ढांगा पडत असताना कुठला पाय कधी टेकला हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. 1878 साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला कॅमेरे ओळीने मांडले आणि त्यांचे दोरे वाटेत आडवे ताणले. सॅली गार्डनर नावाची घोडी दोरे तोडत गेली, फोटो निघत गेले. घोड्याचे चारही खूर एकदम सुटतात हे त्यात दिसलं, पण ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना! (हे सगळं स्टॅनफर्ड नावाच्या धनिकाने पंचवीस हजार डॉलरची पैज लावली म्हणून झालं, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. त्या पैजेला पुरावा नाही, पण गोष्ट काही मरत नाही.)

आता चौखूर चाल सावकाश पाहू. आधी मागचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा डावा, शेवटी पुढचा उजवा, असे खूर टेकतात. मग क्षणभर सगळं हवेत, की पुन्हा मागचा डावा. म्हणजे एका ढांगेत एकच उड्डाण, तेही शेवटच्या पुढच्या पायावरून. स्लो मोशन व्हिडिओत त्या शेवटच्या पायाकडे बघा. खुराच्या वरचा सांधा वाकत वाकत जवळजवळ जमिनीला लागतो. सुमारे 500 किलोच्या घोड्याच्या त्या एका पायावर त्या क्षणी वजनाच्या अडीचपट भार असतो. मागे ताणलेले स्नायुबंध रबरासारखे तो भार साठवतात आणि परत देतात.

मला स्वतःला यातला सगळ्यात आवडणारा भाग पुढेच आहे. धावणाऱ्या घोड्याच्या जवळून गेलात तर टापांबरोबर एक ‘फुर्र, फुर्र’ ऐकू येतं, अगदी तालात. चौखूर धावताना घोडा एका ढांगेला एकच श्वास घेतो. घोड्याला गळ्याखालचं आडवं हाड, म्हणजे हंसळी, नसते. त्याची छाती दोन पुढच्या पायांमध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. पुढचे पाय टेकले की भार छातीच्या पिंजऱ्यावर येतो आणि हवा बाहेर पडते. पाय सुटले, शरीर हवेत गेलं, मागचे पाय टेकू लागले की पिंजरा मोकळा होतो आणि हवा आत येते. एका श्वासात बारा ते पंधरा लिटर, मिनिटाला सव्वाशे-दीडशे श्वास. गुणाकार करून बघा. आणि ही सगळी हवा फक्त नाकातून, कारण घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही.

याला आणखी एक स्पष्टीकरण दिलं जायचं. धावताना पोटातली जड आतडी दट्ट्यासारखी मागेपुढे होतात आणि श्वासपटलाला ढकलतात, म्हणे. कल्पना सुरेख आहे. पण आतडी लोंबत्या वजनासारखी असतात, शरीराच्या झोक्यामागून थोड्या उशिराने हलतात. मोजमाप केल्यावर त्यांच्या हालचालीची कला, म्हणजे मागेपुढे होण्याची वेळ, श्वासाच्या कलेशी नीट जुळली नाही. तेव्हा दट्ट्याला फार श्रेय देऊ नये. (कला कशी मोजतात ते इथे सांगत बसलो तर लेख तिथेच संपेल.)

तालाचा तोटाही आहे. दमलोय म्हणून भरभर श्वास घ्यावा तर ढांगाही तेवढ्याच भरभर टाकाव्या लागतात. म्हणून शर्यतीच्या घोड्यात आधी फुप्फुसं आणि पाय पाहावेत. पायांचे पांढरे मोजे आणि कपाळावरचा भोवरा पाहून घोडा पारखणाऱ्यांना हे पटत नाही. नव्या जमान्यातला भोवरा म्हणजे ‘मोठ्या हृदयाचा’ घोडा. 1973 साली अमेरिकेतली बेलमाँटची शर्यत 31 लांबींनी, म्हणजे 31 घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने, जिंकणाऱ्या सेक्रेटेरिएटचं हृदय दहा किलोचं होतं, असं छातीठोक सांगतात. घोडा अचाट होता यात वाद नाही. मात्र ते हृदय काट्यावर चढलंच नव्हतं. ज्यांनी शवविच्छेदन केलं, त्यांनी नजरेने बांधलेला तो अंदाज आहे.

मग करंडकावरची ती पोज अगदीच खोटी का? नाही, फक्त प्राणी चुकला. ग्रेहाउंड कुत्रा एका ढांगेत दोनदा हवेत असतो, एकदा पाय गोळा करून आणि एकदा थेट जेरिकोच्या घोड्यासारखा फाकून. त्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. अवजड पोट पेलणाऱ्या घोड्याची पाठ त्यामानाने ताठ. ग्रेहाउंडचं वजन पंचवीस-तीस किलो, तरी वेग घोड्याच्या तोडीचा, ताशी साठ किलोमीटरच्या वर.

वळणावर तर ग्रेहाउंड आणखी चकवतो. धावपट्टीच्या वळणावर माणूस मंदावतो, कारण तिथे भार वाढतो आणि पायांना तेवढा जोर देता येत नाही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधल्या अशरवुड आणि विल्सन यांनी ग्रेहाउंडचा वेग मोजून 2005 साली प्रसिद्ध केला. वळणावर पायांवरचा भार बराच वाढला, तरी कुत्रे मंदावले नाहीत. त्यांचा तर्क असा, की ग्रेहाउंडच्या वेगाची ताकद नितंब आणि पाठीच्या स्नायूंतून येते, पाय फक्त वजन पेलतात. सायकलवर वजन सीटवर असतं आणि मांड्या नुसत्या पेडल फिरवतात, तसं.