डुकराचं यकृत आणि चिकोरीचं मूळ

खच्ची न केलेल्या, वयात आलेल्या नर डुकराचं मांस शिजायला लागलं की कधी कधी त्याला मुतारीसारखा उग्र दर्प सुटतो. तो टाळण्यासाठी युरोपात नर पिल्लं जन्मल्यावर काही दिवसांतच खच्ची करत आले, तेही वर्षानुवर्षं भूल न देता. भुलीविना असं करायला जर्मनीत बंदी आली ती थेट २०२१ मध्ये. इतक्या यातना देण्याआधी यकृताकडे बघायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

दर्पामागे मुख्यतः दोन रसायनं असतात. अँड्रोस्टेनोन वृषणांत तयार होतं. स्कॅटोल मात्र मोठ्या आतड्यातले जिवाणू ट्रिप्टोफॅन या प्रथिनांतल्या अमिनो आम्लापासून बनवतात. ते रक्तावाटे यकृतात पोचतं आणि तिथले सायटोक्रोम पी४५० कुळातले एन्झाइम त्याचं रूप बदलून लघवीवाटे बाहेर काढण्याजोगं करतात. औषधांची विल्हेवाट लावणारं कुळही हेच. १९५८ मध्ये त्याचा पहिला माग लागला, तो उंदराच्या आणि डुकराच्याच यकृतात. नराची संप्रेरकं या एन्झाइमना दाबून ठेवतात, मग उरलेलं स्कॅटोल चरबीत साचतं.

डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी नर डुकरांच्या खाद्यात चिकोरीचं वाळवलेलं मूळ मिसळून पाहिलं. फिल्टर कॉफीत भाजून घालतात तीच ही चिकोरी. यकृतात सीवायपी१ए२ आणि सीवायपी२ए हे याच पी४५० कुळातले एन्झाइम वाढले. शिवाय चिकोरीतलं इन्युलिन हे तंतुमय पिष्ट आतड्यातल्या जिवाणूंना मिळालं की स्कॅटोल मुळात कमी तयार होतं.

राहण्याच्या जागेचाही वाटा आहे. डुकराला घाम गाळून अंग थंड करता येत नाही, म्हणून उकाड्यात ते ओल्या, घाणीने भरलेल्या जागेतच पडून राहतं. शेणातलं स्कॅटोल कातडीतून आणि श्वासातून पुन्हा शरीरात शिरतं आणि यकृतावरचा भार वाढतो.

औषधांच्या चाचण्यांत गटिंगेन जातीची छोटी डुकरं वापरतात, कारण त्यांचे एन्झाइम माणसाच्या बऱ्याच जवळचे आहेत. म्हणून अशा चाचणीच्या अहवालात डुकराने काय खाल्लं आणि ते कुठे राहिलं, हे औषधाच्या मात्रेइतकंच ठळक यायला हवं. माणसातही सिगारेटच्या धुराने सीवायपी१ए२ वाढतो आणि दम्यावरचं थिओफिलिन लवकर संपतं. धूम्रपान सोडलं की काही दिवसांतच हा एन्झाइम खाली येतो. मग त्याच जुन्या डोसने औषध रक्तात साचून मळमळ, धडधड सुरू होऊ शकते.