कोसळलेल्या डोंगराचं चीज

परवा घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. फ्रान्समधले मेंढपाळ म्हणे जखमेवर निळं चीज चोळायचे, कारण त्यात पेनिसिलिन असतं, आणि हे ज्ञान त्यांना ते शोधणाऱ्या फ्लेमिंगच्या कितीतरी आधीपासून होतं. निळ्या चीजमधली बुरशी पेनिसिलियम कुळातली आहे, इतकंच खरं. पण तिचं नाव पेनिसिलियम रोकफोर्टी. फ्लेमिंगला पेनिसिलिन दिलं ते तिच्या भाऊबंदांपैकी दुसऱ्याच एका जातीनं. ही काही पेनिसिलिन बनवत नाही. तेव्हा जखमेवर चीज चोळू नका, भाकरीवर घ्या.

त्या बुरशीला ज्या गावाचं नाव मिळालं, ते मला बुरशीपेक्षाही जास्त आवडतं. रोकफोर-स्युर-सुलझों हे दक्षिण फ्रान्समधल्या अव्हेरों जिल्ह्यातलं जेमतेम सहाशे वस्तीचं गाव. लार्झाकच्या चुनखडीच्या पठाराच्या कडेला कोंबालू नावाचा डोंगर आहे आणि त्याच्या कड्याखाली एका ओळीत गावातली घरं. पठारावर पाऊस पडला की पाणी भेगांतून खाली पळतं, माती पातळ, नांगराला फारसं काही लागत नाही. म्हणून इथली शेती म्हणजे मुख्यतः मेंढ्या आणि त्यांचा चारा. मेंढ्या लाकोन जातीच्या, दुधासाठीच पाळलेल्या. त्या दुधाच्या निळ्या चीजलाही गावाचंच नाव, रोकफोर. अडीच-तीन किलोच्या एका चीजला साधारण बारा लिटर दूध लागतं.

आता मुद्द्याचं. कोंबालूची वरची टोपी चुनखडीची आणि तिच्या खाली चिकणमातीचा थर. पाणी चुनखडीतून झिरपत त्या थरापर्यंत येतं आणि तिथे अडतं. चिकणमाती ओली होऊन निसरडी होते. आपल्याकडे खडकावरची माती घसरते. इथे मातीवरचा खडकच घसरला! डोंगराची कड तुटून इमारतीएवढे ठोकळे खाली आले आणि एकमेकांवर वेडेवाकडे टेकून राहिले. जवळजवळ दोन किलोमीटर लांब आणि तीनशे मीटर रुंद असा हा ढिगारा आहे. ठोकळ्यांमध्ये उरलेल्या पोकळ्या म्हणजे गुहा, आणि गुहांपासून उघड्या उतारापर्यंत गेलेल्या उभ्या फटींना तिथे ‘फ्लरिन’ म्हणतात.

फ्लरिन म्हणजे निसर्गाचं धुराडं, पण दोन्ही दिशांनी चालणारं. आतल्या दगडाचं तापमान वर्षभर दहा अंशांच्या आसपास रेंगाळतं. उन्हाळ्यात बाहेर 30 अंश असेल तर बाहेरच्या घनमीटरभर हवेचं वजन 1.16 किलो आणि आतल्या हवेचं 1.25 किलो. फरक जेमतेम 80-90 ग्रॅमचा. पण फट 50 मीटर उंच धरली तर त्या सगळ्या स्तंभाच्या वजनाचा फरक होतो सुमारे 40 पास्कल, म्हणजे चार मिलिमीटर उंच पाण्याच्या दाबाएवढा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दार फटकन लावायला पुरतं. जड थंड हवा खालच्या तोंडातून बाहेर पडते आणि तिच्या जागी वरून गरम हवा आत ओढली जाते. हिवाळ्यात उलट. आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार, म्हणून ती वर चढते आणि खालून गार हवा आत येते.

ओलाव्याचं गणित याहून मजेदार आहे. 30 अंशांच्या, 50 टक्के आर्द्रतेच्या घनमीटरभर हवेत सुमारे 15 ग्रॅम वाफ असते. दहा अंशांवर त्याच हवेला साडेनऊ ग्रॅमच पेलवते. उरलेली वाफ दगडावर पाणी होऊन बसते आणि हवा जवळजवळ संपृक्त होऊन पुढे सरकते. (या सांद्रीभवनात उष्णताही सुटते, पण एवढा डोंगर ती सहज पचवतो, पुढच्या हिवाळ्यात परत गार होतो.) त्यामुळे गुहेत 8 ते 12 अंश तापमान आणि 95 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता विजेशिवाय मिळते. तळघरं या ढिगाऱ्यातच मजल्यांवर मजले खोदलेली आहेत. फ्लरिनच्या तोंडाला लाकडी दारं बसवलेली असतात आणि चीज मुरवणारा उस्ताद ती कमीजास्त उघडत राहतो. यंत्राची कळ फिरवावी तसा तो वारा फिरवतो.

बुरशीला हे हवामान मानवतं, पण तिला प्राणवायूही लागतो. म्हणून चीजला सुयांनी आरपार भोकं पाडतात. निळ्या रेषा दिसतात त्या या भोकांत आणि फटींत वाढलेल्या बीजाणूंच्या. प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असला तरी ही जात तग धरते, बाकीच्या बुरश्या मागे पडतात. ती दुधातली चरबी फोडते, त्यातून मिथाइल कीटोन तयार होतात, आणि पहिल्या घासाला जो झणका नाकात जातो तो त्यांचा.

प्रेयसीच्या नादात भाकर-चीज गुहेत विसरलेल्या आणि परत आल्यावर ते निळं झालेलं पाहणाऱ्या मेंढपाळाची दंतकथा गावात प्रत्येक पर्यटकाला ऐकवली जाते. कथा म्हणून गोड आहे. बुरशी वाढवायला पूर्वी खरोखरच पाव वापरायचे. तो गुहेत आठवडेच्या आठवडे ठेवून आतला निळा भुगा दुधात किंवा दह्यात मिसळायचा. 2024 च्या सुरुवातीला ‘फ्रेंच चीज नामशेष होणार’ असे मथळे झळकले, तेही अर्धवटच होते. वर्षानुवर्षं एकाच वाणाच्या प्रती काढत राहिल्यानं बुरशीची जनुकीय विविधता घटते, असा शास्त्रज्ञांचा इशारा होता, आणि सर्वांत वाईट अवस्था कामांबेर या दुसऱ्या फ्रेंच चीजच्या बुरशीची आहे. रोकफोरमधले वाण इतर निळ्या चीजच्या वाणांपेक्षा अधिक विविध निघाले. हळू वाढणारे, पावावर जास्त बीजाणू देणारे. फ्रिजशिवायच्या काळात सावकाश पिकणारं चीज बरं, अशी ही निवड असावी.

1970 च्या दशकात याच लार्झाक पठारावरची लष्करी छावणी वाढवून मेंढपाळांची जमीन घ्यायचं ठरलं. 1972 मध्ये त्याविरुद्ध ला काव्हालरी गावात उपोषणाला बसला तो इटलीत जन्मलेला गांधीवादी लान्झा देल वास्तो. 1937 मध्ये तो वर्ध्याला गांधीजींकडे येऊन राहिला होता, आणि गांधीजींनी त्याचं नाव शांतिदास ठेवलं होतं. 1972 च्याच ऑक्टोबरमध्ये मेंढपाळांनी साठ मेंढ्या थेट आयफेल टॉवरखाली चरायला सोडल्या. छावणी वाढवण्याचा बेत 1981 मध्ये रद्द झाला.

गावाची मक्तेदारी मात्र त्याहून पुष्कळ जुनी. 1411 मध्ये सहाव्या चार्ल्स राजानं रोकफोरच्या लोकांना हे चीज मुरवण्याचा एकाधिकार दिला. 1925 मध्ये या नावाला संरक्षण देणारा खास कायदा झाला. दूध आसपासच्या बऱ्याच मोठ्या प्रदेशातलं चालतं, पण चीज मुरायला मात्र कोंबालूच्या ढिगाऱ्यातल्या गुहाच लागतात. शेजारच्या गावातली गुहा कितीही थंड आणि ओली असली, तिच्यात कितीही चांगलं चीज मुरलं, तरी त्याला रोकफोर म्हणता येत नाही. म्हणजे नावाची हद्द आखली ती डोंगर जिथपर्यंत कोसळला तिथपर्यंत.