इर्जिकीपासून श्रमदानापर्यंत: साताऱ्या-सांगलीतला 'सगळ्यांचा' आनंद

साताऱ्याकडं इर्जिक हा शब्द आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरलाय. एखाद्याची नांगरट मागं पडली, ऐन हंगामात बैल बसला किंवा घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, की गाव आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचं. मजुरी नाही. संध्याकाळी सगळ्यांना जेवण, ऐपत असली तर मटणाचं. सावड वेगळी. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. सावडीत हिशेब असतो, इर्जिकीत नसतो. म्हणून की काय, म्हातारी माणसं खुलून सांगतात ती इर्जिकीच्याच गोष्टी. सुगीत ओळीनं कापणी करताना भलरी, म्हणजे कामाचं गाणं, सुरू झाली की विळे एका तालात पडायचे आणि भरून आलेली कंबर तेवढ्यापुरती विसरली जायची.

एमिल दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं 1912 साली हेच मांडलं. माणसं एकत्र जमली, एका लयीत हलू लागली, की अंगात एक उसळी येते आणि ती आपल्याबाहेरून आल्यासारखी वाटते. त्याच्या डोळ्यांपुढं धार्मिक विधी होते. आपल्याकडं ती उसळी रानातल्या ढेकळांतही सापडत होती.

पण इर्जिकीचं कौतुक करताना एक गोष्ट गिळून टाकली जाते. काम एकत्र व्हायचं, पंगत मात्र जातीनं बसायची. ही पंगत मोडली कर्मवीर भाऊराव पाटलांनी. 1919 साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, 1924 साली ती साताऱ्यात आणली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राबायची, एकत्र रांधायची आणि एकाच पंगतीत जेवायची. पोरांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. हे आपण भाषणांत इतक्यांदा ऐकलंय की त्याचं काही वाटेनासं झालंय. पण त्या काळच्या बाईनं गळ्यातलं काढून द्यायचं म्हणजे काय, हे घरातल्या एखाद्या आजीला विचारून बघा.

पुढं 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर असं लोकांचं सरकार, याच मुलखात उभं राहिलं. भूमिगतांना भाकरी पोचवणारी, निरोप नेणारी बहुतेक माणसं कुठल्याच यादीत नाहीत.

दुष्काळी पट्ट्यात हे पुन्हा उगवलं ते पाण्यासाठी. ठेकेदार येरळा नदीच्या पात्रातली वाळू उपसत होते आणि विहिरींचं पाणी खाली जात होतं. 1980च्या दशकात खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीनं बळीराजा धरण बांधायला घेतलं. थोडी वाळू स्वतःच विकून पैसा उभा केला, बाहेरगावची कॉलेजची पोरं राबायला आली. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा, हे तत्त्व त्यामागं होतं. माझ्या मते या सगळ्या कहाणीतलं सर्वांत मोठं पाऊल हेच. इर्जिकीला जमीन लागायची, इथं ती अटच गेली.

2016 साली पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत, म्हणजे गावांनी श्रमदानानं पाणी अडवायच्या चढाओढीत, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. मग श्रमदानाचं वारं माण-खटावात शिरलं. बक्षिसाचा मोह होताच, तो नव्हता म्हणणं ढोंगीपणाचं. पण गावं शेकड्यांनी उतरली आणि पहिला नंबर एकाचाच येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या उन्हाळ्यांपैकी एकात मीही माणमधल्या एका टेकडीवर गेलो होतो. ऊन तापायच्या आत काम उरकायचं म्हणून पहाटे साडेपाचला सुरुवात. ए-फ्रेमच्या, म्हणजे समपातळी शोधायच्या लाकडी तिकाटण्याच्या, मधोमध दोरीला दगड लोंबत होता. दोरी खुणेवर आली की फक्कीची पांढरी खूण मारायची आणि तिथं समतल चर खणायचा. टिकावानं मुरूम फुटत होता, घमेली हातोहात पुढं सरकत होती. माझ्या आधीचे हात एका आजींचे, नंतरचे सातवीतल्या एका पोराचे. घमेलं भरून दिलं की पोरगं ओरडायचं, "आजे, कमी भर की!" आठ वाजता कांदेपोहे आले तेव्हा तळहाताला फोड आलेला दिसला. त्याआधी कळलाही नव्हता.

पाऊस पडल्यावर पुन्हा गेलो. सगळे चर गढूळ पाण्यानं काठोकाठ. आमचा कुठला, म्हणून टेकडी फिरून हुडकत होतो. खाली शेरडं राखत बसलेला म्हातारा बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "काय सांडलं का, पावनं?"