वायफायमध्ये झाकला न जाणारा पत्ता

तारेने जोडलेल्या दोन संगणकांमधली देवाणघेवाण चोरून पाहायची, तर आधी त्या तारेपर्यंत पोहोचावे लागते. वायफायच्या लहरी मात्र भिंती ओलांडून रस्त्यापर्यंत जातात आणि साध्या लॅपटॉपनेही टिपता येतात. २०१० साली गूगलने मान्य केले, की स्ट्रीट व्ह्यूसाठी रस्त्यांची छायाचित्रे घेत फिरणाऱ्या त्यांच्या गाड्यांनी तीसहून अधिक देशांत पासवर्ड नसलेल्या वायफायवरील मजकूरही साठवला होता. त्यात काही अख्खे ईमेल आणि पासवर्डसुद्धा होते.

वायफायवरचा मजकूर कूटबद्ध करणारी, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करणारी, ‘वेप’ ही पहिली पद्धत २००१ मध्ये दुबळी ठरली. २००४ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-२ या नंतरच्या पद्धतीतील गंभीर त्रुटी २०१७ साली बेल्जियमचे संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी दाखवली, आणि पुढच्याच वर्षी डब्ल्यूपीए-३ आले. मजकुराचे संरक्षण असे टप्प्याटप्प्याने भक्कम होत गेले.

मला अधिक काळजी वाटते ती पत्त्याची. प्रत्येक वायफाय उपकरणाला ४८ बिटांचा, म्हणजे शून्य-एकच्या ४८ अंकांचा, मॅक पत्ता असतो; जाळ्यावर ते उपकरण त्यावरून ओळखले जाते. कारखान्यात दिलेल्या पत्त्याच्या पहिल्या २४ बिटांवरून उत्पादकही ओळखता येतो. आलेला संदेश आपल्यासाठी आहे का आणि तो कोणत्या किल्लीने उलगडायचा, हे राउटरला आधी कळावे लागते, म्हणून मजकूर कूटबद्ध असला तरी हा पत्ता उघडाच पाठवला जातो. शिवाय वायफाय चालू असलेला फोन किंवा लॅपटॉप कशालाही जोडलेला नसताना ओळखीच्या राउटरचा शोध घेत संदेश सोडत राहतो, आणि जुनी उपकरणे तर त्या संदेशांत पूर्वी जोडलेल्या वायफायची, म्हणजे घराची, कचेरीची, एखाद्या रुग्णालयाची, नावेच उच्चारत असत. २०१३ मध्ये लंडनच्या सिटी भागातील काही कचरापेट्यांमध्ये असे संदेश टिपणारी यंत्रे बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनची नोंद घेतली जात होती. बभ्रा झाल्यावर स्थानिक प्रशासनाने ती थांबवायला लावली.

उपाय म्हणून अ‍ॅपलने २०१४ पासून आयफोनमध्ये शोध घेताना यादृच्छिक, बदलता पत्ता वापरायला सुरुवात केली, आणि अँड्रॉइड १० पासून वायफायला जोडतानाही असा पत्ता वापरणे रूढ झाले. तरीही संदेशांचे क्रमांक ओळीने वाढत राहिले, किंवा उपकरणाने जाहीर केलेल्या क्षमतांची यादी इतरांहून वेगळी असली, तर पत्ता बदलूनही ते उपकरण ओळखू येते, हे २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. विंडोजमध्ये पत्ता बदलण्याची ही सोय असली तरी ती सहसा बंद असते आणि वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते, हे मला खटकते.

आपल्याकडे सार्वजनिक वायफाय वापरण्यासाठी बहुधा मोबाइल क्रमांक देऊन ओटीपी घ्यावा लागतो. त्या क्षणी उपकरणाचा तात्पुरता पत्ता खऱ्या क्रमांकाशी जोडला जातो. आणि अनेक फोन एका वायफायसाठी तोच पत्ता पुन्हा वापरत असल्याने, पुढच्या भेटीत ओटीपी न मागताही ते वायफाय त्या माणसाला ओळखू शकते.